मिसल मागवली, मिसळ नव्हे! दोन पुस्तकं, चौदा वर्षं आणि माझी जीभ

२०२५ च्या फेब्रुवारीत पार्सल आलं आणि नवरा पावती वाचून म्हणतो, "अगं, मिसळ ऑनलाइन मागवलीस की काय?" मिसळ नाही रे बाबा, मिसल. मिस्साचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेचं पुस्तक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिस्साला फादर वेदीवर ज्या जाडजूड लाल पुस्तकातून प्रार्थना म्हणतात ती मोठी मिसल, आणि आपल्यासारख्यांना हातात धरता यावी म्हणून रविवारची बायबलची वाचनं वगैरे घालून छोटी करून छापतात ती ही, लोकांची मिसल. माझी पहिली २०११ ची, ही दुसरी. दोन्हींचा रिव्ह्यू एकत्रच टाकते, कारण पहिलीचं रामायण सांगितल्याशिवाय दुसरी का घ्यावी लागली ते कळणार नाही, आणि तसंही या पुस्तकांचा मराठीत रिव्ह्यू कोण लिहिणार, मीच लिहिते.

मी मूळची वसईची, मराठी मिस्सा ऐकत वाढलेली. नर्सिंगसाठी इंग्लंडला आले २००७ ला, तेव्हापासून स्विंडनच्या आसपासच. इथे गोवेकर इतके आहेत की मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात कोंकणीच जास्त कानावर पडते. चर्चमध्ये मी रीडर आहे, म्हणजे रोटावर नाव लागलं की पहिलं वाचन मी वाचते. त्यामुळे माझी परीक्षा एकच, वाक्य माइकसमोर, शनिवारची नाइट ड्युटी करून आलेल्या बाईच्या तोंडून नीट निघतं की नाही. कागदावर छान दिसणाऱ्या वाक्याचं मला काही कौतुक नाही.

तर २०११. सप्टेंबरमध्ये एका रविवारी चर्चला गेलो तर प्रत्येक बाकावर लॅमिनेट केलेली कार्डं. फादर म्हणाले आजपासून मिस्साचे शब्द बदलणार, आधी लोकांची उत्तरं आणि मग नोव्हेंबरच्या २७ तारखेला, आगमनकाळाच्या (नाताळाआधीचे चार आठवडे) पहिल्या रविवारी, सगळी मिसलच नवीन. आता गंमत बघा. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बसलेलं, फादर म्हणणार 'द लॉर्ड बी विथ यू' आणि लोक म्हणणार 'अँड ऑल्सो विथ यू', झोपेतसुद्धा म्हणतील. त्याच्या जागी आता 'अँड विथ युअर स्पिरिट'. पहिल्या रविवारी अर्धं चर्च जुनं म्हणालं, अर्धं नवीन, आणि मधली माणसं 'अँड ऑल्सो' म्हणून थांबली आणि कार्डाकडे बघत 'स्पिरिट'वर येऊन पोचली. माझ्या शेजारी एक आयरिश आजी बसायची, तिनं कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत जुनंच म्हणत राहिली, पुढे दोन वर्षं तरी. कुणी काही बोललं नाही.

मला मात्र त्या दिवशी वेगळंच झालं. माझी आजी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकलेली, चूल फुंकताना सुद्धा पुटपुटायची, 'दोमिनुस वोबिस्कुम, एत कुम स्पिरितु तुओ'. अर्थ तिला शून्य माहीत, विचारलं तर म्हणायची देवाला कळतं ना, मग झालं. आणि इथे विल्टशरच्या थंडगार चर्चमध्ये कार्ड हातात घेऊन मी पहिल्यांदा म्हटलं 'अँड विथ युअर स्पिरिट', आणि डोक्यात एकदम, अरे हे तर आजीचं 'स्पिरितु तुओ'! लॅटिनमध्ये आत्मा होता, १९७३ च्या इंग्रजीत तो गाळला होता, आता परत आणला. जर्मन, इटालियन, स्पॅनिश लोक इतकी वर्षं आत्मा म्हणतच होते, इंग्रजीनं मात्र शॉर्टकट मारला होता.

हा बदल का केला हे कार्डावर कुठेच नव्हतं, ते मला या छोट्या मिसलच्या प्रस्तावनेनं आणि थोडं इकडचं तिकडचं वाचून कळलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ ला उपासनेत लोकांच्या भाषेला दार उघडलं. इंग्रजीसाठी सगळ्या इंग्रजी देशांच्या बिशपांनी मिळून आयसेल नावाचं मंडळ काढलं, त्यांनी १९७३ ला मिसल दिली. तेव्हाचं धोरण असं की शब्दाच्या मागे लागू नका, अर्थ धरा आणि माणसं बोलतात तसं लिहा. झालं घाईत, पण सोपं झालं. मग त्याच मंडळानं बरीच वर्षं घालवून सुधारलेलं भाषांतर केलं, १९९८ पर्यंत सगळ्या देशांच्या बिशपांनी ते पासही केलं, आणि रोमनं ते नामंजूर केलं! मधल्या काळात २००१ ला रोमनं नियमच बदलला, लॅटिनला चिकटून राहा, काही गाळू नका, वाक्याची बांधणी सुद्धा जमेल तितकी तशीच ठेवा. वर देखरेखीला ऑस्ट्रेलियाचे कार्डिनल पेल यांच्या हाताखाली वेगळी समिती. त्या नियमातून निघाली ती ही २०११ ची मिसल. आमच्या ऑफिसात नवीन मॅनेजर आला की जुना प्रोजेक्ट पहिल्यापासून करायला लावतो त्यातलाच प्रकार, फक्त पगारवाढ कुणालाच नाही.

दक्षिण आफ्रिकेचा किस्सा तर ऐकाच. तिथल्या बिशपांचा काहीतरी गैरसमज झाला आणि त्यांनी २००८ च्या आगमनकाळातच नवीन उत्तरं सुरू करून टाकली, आमच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. लोक चिडले, पत्रं गेली, पण आता शिकलेलं विसरायला कोण लावणार, म्हणून तेच चालू ठेवलं. आमच्या हॉस्पिटलातली एक दक्षिण आफ्रिकन सिस्टर २०११ मध्ये आम्हाला शिकवायची, अगदी सीनियर असल्यासारखी.

आता पुस्तकातल्या शब्दांकडे येते.

जे आवडलं ते आधी. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसाद घेण्याच्या आधी पूर्वी म्हणायचो की प्रभू, तुला स्वीकारायला मी लायक नाही. आता म्हणतो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही. ही बायबलात मत्तयच्या आठव्या अध्यायातल्या त्या रोमन शताधिपतीची ओळ, नोकर आजारी म्हणून येशूकडे आला होता आणि घरी येऊ नकोस, नुसता शब्द टाक म्हणाला, तो. जुन्या इंग्रजीत ही गोष्टच गायब होती, आता घरासकट छप्पर परत आलं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, तिला वाटायचं 'रूफ' म्हणजे टाळू, कारण इंग्रजीत टाळूला तोंडाचं छप्परच म्हणतात, आणि प्रसाद खरंच टाळूला चिकटतो, तर तिला ते अगदी पटलेलं. मी बरेच महिने दुरुस्त केलंच नाही.

दुसरं, ती दवाची ओळ. दुसऱ्या युखरिस्तिक प्रार्थनेत, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसावर म्हणायच्या मुख्य प्रार्थनांपैकी जी छोटी असते आणि सगळे फादर साध्या वारी तीच घेतात, त्यात आहे की तुझा आत्मा या दानांवर दव पडावं तसा पाठव. 'लाइक द ड्यूफॉल'. इथे बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली, काय तो ड्यूफॉल, असा शब्द कोण वापरतं. पण मी वसईची, डिसेंबरात पहाटे वाडीत गेलं की केळीच्या पानावरून पाणी गळताना पाऊस पडल्यासारखा आवाज येतो आणि वर बघावं तर आभाळ स्वच्छ, कधी पडलं कुणाला कळलेलं नसतं. मला ती ओळ एकदम पोचली. जुन्या भाषांतरात दव नव्हतंच, लॅटिनमध्ये असून.

पापकबुलीच्या प्रार्थनेत 'माय फॉल्ट' तीन वेळा म्हणून छाती बडवणं परत आलं ते आमच्या पिढीला काही नवीन नाही, मोठी माणसं तशीच करायची. 'कन्सब्स्टॅन्शल' मात्र विचारू नका. विश्वासांगिकारात, म्हणजे सगळे मिळून आपली श्रद्धा म्हणून दाखवतात त्या प्रार्थनेत, आधी साधं होतं की पुत्र पित्याशी अस्तित्वानं एक आहे. त्याच्या जागी हा पाच चाकांचा ट्रक. निकेआला भरलेल्या बिशपांच्या सभेत ३२५ साली ज्या एका ग्रीक शब्दावरून एवढं भांडण झालं त्याचा हा लॅटिनमार्गे आलेला नातू, २०२५ मध्ये त्या सभेला १७०० वर्षं झाली म्हणून आमच्या फादरांनी त्यावर अख्खं प्रवचन दिलं, तेव्हा कुठे त्या शब्दाबद्दल जरा आदर वाटला. चौदा वर्षांत तो तोंडात बसलाय हेही खरं. उत्तरं सगळीच बसली, दोन-तीन महिन्यांत बसली, त्याबद्दल जेवढा आरडाओरडा झाला तेवढी ती अवघड नव्हती. 'ख्रिस्त मरण पावला, ख्रिस्त उठला, ख्रिस्त पुन्हा येईल' हे छोटंसं खणखणीत वाक्य मात्र काढून टाकलं, ते लॅटिनमध्ये नाही म्हणून, त्याची मला अजून चुटपुट आहे. ते चर्चभर घुमायचं हो.

खरी कुरकुर पुढे आहे. लोकांच्या वाट्याला छोटी वाक्यं आली, लांबलचक सगळी फादरांच्या वाट्याला. लॅटिनमध्ये वाक्य सापासारखं लांबत गेलं तरी चालतं, शब्दांच्या शेपट्यांवरून कोण कर्ता कोण कर्म कळतं, मराठीतही विभक्ती आहेत म्हणून आपल्याकडे निभावतं. इंग्रजीत बिचाऱ्या शब्दाची जागाच सगळं ठरवते, तिथे ही लांब वाक्यं म्हणजे फादर 'हे प्रभू' म्हणून सुरू करतात आणि क्रियापद येईपर्यंत आपण घरच्या गॅसचा विचार करून परत आलेले असतो. आमचे तेव्हाचे फादर सत्तरीचे, दम्याचे, एकाच वाक्यात त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागायचा आणि तो नेमका चुकीच्या ठिकाणी, मग अर्थच बदलायचा. ८ डिसेंबरच्या मिस्साला अर्पणाच्या प्रार्थनेत 'प्रिव्हीनियंट ग्रेस' असा शब्द आहे. प्रिव्हीनियंट! येशूच्या आईला, मारियेला देवानं आधीच कृपा दिली, एवढंच म्हणायचंय. फादर त्या शब्दावर थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तो शब्द परत वाचला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि मग फादरही हसले.

म्हणून माझं मत असं झालंय की या मिसलचं अर्धं काम फर्स्ट क्लास आणि अर्धं काठावर पास. चित्र आहे तिथे, छप्पर, दव, तिथे लॅटिनला चिकटल्याचा फायदाच झाला. नुसतं व्याकरण चिकटवलंय तिथे मात्र ऐकणाऱ्याचा विचार कुणी केला नाही. ऐकणाऱ्याचा विचार म्हटलं की मला नेहमी आपले फादर स्टीफन्स आठवतात. माणूस याच विल्टशरचा, बुश्टन नावाच्या खेड्यातला, माझ्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. १५७९ ला गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांवर ओव्या. त्याच्याकडेही पुढ्यात लॅटिनच होतं की. पण त्यानं बघितलं की इथली माणसं पुराण ऐकतात, ओवी त्यांच्या कानात आहे, मग ख्रिस्ताची गोष्ट ओवीतच गेली पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला मराठी कानाची एवढी पारख होती आणि स्वतःच्या इंग्रजीसाठी इंग्रज बिशपांना रोमची परवानगी लागली. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिसनी नियम सैल करून भाषांतराची बरीच जबाबदारी पुन्हा देशोदेशीच्या बिशपांकडे दिली, पण इंग्रजीची वरात तोवर निघून गेली होती. असो, विषयांतर झालं.

आता दुसरी मिसल का घ्यावी लागली. तर १ डिसेंबर २०२४ पासून इथे इंग्लंड-वेल्समध्ये वाचनं बदलली. प्रार्थना त्याच २०११ च्या, पण बायबलमधली वाचनं जी आधी १९६६ च्या जेरुसलेम बायबलमधून असायची (त्या बायबलच्या कामात टोल्किनचाही हात होता, हॉबिटवाला टोल्किन, माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा चर्चच्या विषयात इंटरेस्ट घेऊन बोलली) ती आता ईएसव्ही नावाच्या इंग्रजी बायबलच्या कॅथलिक आवृत्तीतून. आणि यात आपली कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण ही कॅथलिक आवृत्ती पहिल्यांदा छापली गेली ती बंगळुरूला, २०१८ मध्ये, आणि भारतातल्या चर्चनी इंग्रजी मिस्सासाठी ती आमच्या आधी घेतली. म्हणजे माझी वसईतली भावजय इंग्रजी मिस्साला जे ऐकते ते मला चार वर्षांनी मिळालं. ती आता फोनवर मला ज्ञान देते.

मग झालं काय, माझ्या जुन्या मिसलमधलं वाचन एक आणि वरून ऐकू येतंय दुसरंच. पहिल्या महिन्यात मी पुस्तकात बोट ठेवून बसायचे आणि दर ओळीला बोट घसरायचं. शेवटी नवीन मागवली.

वाचक म्हणून सांगते, काही ठिकाणी नवीन बरं आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणाला डोंगरावरचं प्रवचन असतं, जुन्यात होतं 'हाऊ हॅपी आर द पुअर', आता 'ब्लेस्ड'. आपण मराठीत 'धन्य' म्हणत वाढलो, त्यामुळे ते हॅपी मला नेहमी बर्थडेसारखं वाटायचं. पण नाताळच्या रात्रीचं यशयाचं वाचन माझ्या वाटणीला आलं होतं, काळोखात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, ते. जुन्यात शेवट साधा सरळ, त्यांच्यावर प्रकाश पडला. नव्यात 'ऑन देम हॅज लाइट शोन'. घरी बाथरूममध्ये दहा वेळा म्हटलं, नवऱ्यानं दार वाजवलं, आणि चर्चमध्ये माइकसमोर 'लाइट हॅज' म्हणून गेलेच. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. स्तोत्रं मात्र चांगली आहेत, अमेरिकेतल्या मिसूरीच्या मठातल्या साधूंनी केलेली, रोज पाच-सात वेळा म्हणणाऱ्या माणसांनी केलीत हे जाणवतं, श्वास बरोबर जागेवर येतो. या ईएसव्हीची भाषा पुरुषांनाच धरून आहे, बायकांना नीट मोजलेलं नाही अशी टीका इथे बरीच झाली, मला स्वतःला ती काही ठिकाणी पटते.

पुस्तक म्हणून कसं आहे? जुनी मिसल जास्त टिकाऊ होती, शिवण पक्की, चौदा वर्षांत पर्समध्ये, हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये, दोनदा मुंबईच्या विमानात, तरी पान सुटलं नाही, फक्त सोनेरी कड गेली. त्यात मिस्साविधीची एका बाजूला लॅटिन आणि समोर इंग्रजी अशी पानं होती, त्याचा मला फार उपयोग झाला, आजीचं सगळं पुटपुटणं मी त्यात शोधून काढलं. नवीनचा कागद अगदी बायबलचा पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात, चाळिशी लागलेल्यांनी दुकानात हातात घेऊन बघावी. फिती आधी चार होत्या, आता दोन. दोन फितींत कसं भागवायचं, एक मिस्साविधीला, एक आजच्या रविवारला, आणि प्रीफेसला (मुख्य प्रार्थनेच्या सुरुवातीचा भाग) मग माझं बोट. मी घेतली तेव्हा किंमत वीस पौंडांच्या आतबाहेर होती.

आणि ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली, नाव घेत नाही, त्यांनी पहिली प्रत पाठवली त्यात उपासकाळाचे चाळीसेक पानांचे दोन संच आणि पुनरुत्थानकाळ गायब. म्हणजे दोनदा उपास आणि ईस्टर नाहीच! मेल केला तर उत्तर आलं फोटो पाठवा. नसलेल्या पानांचा फोटो कसा काढतात? शेवटी पान नंबर १९८ नंतर परत १५९ येतोय तो फोटो पाठवला, तीन आठवड्यांनी बदलून मिळाली, पोस्टेज माझ्याकडून. त्यांना पाचपैकी एक.

जुन्या मिसलला पाचपैकी चार, नवीनला साडेतीन. रोज किंवा दर रविवारी वाचायची सवय असेल, कान इंग्रजीला सरावलेला नसेल, नुकतेच इकडे आला असाल तर नवीन घ्याच, आधी घरी वाचून गेलं की फादर कुठल्याही देशाचे असोत, मिस्सा कळतो. फक्त उत्तरांपुरतं हवं असेल तर पैसे घालवू नका, बाकावरचं कार्ड पुरतं. आणि जुनी रद्दीत टाकू नका, विधी आणि प्रार्थना त्याच आहेत. एकच दुरुस्ती करा, प्रार्थनांच्या शेवटी 'वन गॉड, फॉर एव्हर अँड एव्हर' छापलंय त्यातलं 'वन' २०२१ पासून काढलंय, लॅटिनमध्ये तिथे 'एक' नाहीच म्हणून. मी पेन्सिलीनं खोडायला बसले होते, तीस-चाळीस ठिकाणी खोडलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. ती मिसल आता मुलीनं हॉस्टेलवर नेलीय. टोल्किनसाठी, म्हणते.